चालून न थकणारे पाय उभे राहून का थकतात?

बसून काम करण्याच्या तोट्यांबद्दल गेल्या काही वर्षांत इतके छापून आले आहे की शहरांतल्या कार्यालयांमध्ये वरखाली होणारी टेबले दिसू लागली आणि उभ्याने संगणकावर काम करणे हे आरोग्याबद्दलच्या जागरूकतेचे लक्षण मानले जाऊ लागले. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर कपड्यांच्या दालनात काम करणारी मुलगी मात्र सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत उभीच असते. पाय भरून आल्याची तक्रार तिने केली, तर ‘तुझे बरे आहे, आम्हाला बसून बसून पाठीचे दुखणे लागले’ असे तिलाच ऐकून घ्यावे लागते. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत हा समज खरा नाही. हे नीट कळायचे असेल, तर पायांतले रक्त वर कसे चढते, तिथून सुरुवात करायला हवी.

रक्त खाली जाते, वर कोण आणतो?

हृदयातून निघालेले रक्त धमन्यांमधून पावलांपर्यंत जाते. त्याला हृदयाचा जोर असतो आणि खाली जाताना गुरुत्वाकर्षणाचीही मदत होते. परतीचा प्रवास शिरांमधून होतो आणि तिथे हृदयाचा जोर फारसा उरलेला नसतो. उभ्या माणसाचे हृदय घोट्यापासून साधारण साडेतीन-चार फूट वर असते, आणि तेवढी चढण रक्ताला पोटरीच्या स्नायूंच्या आधाराने चढावी लागते. गावातल्या हापशासारखीच ही व्यवस्था आहे. पाऊल टाकले की पोटरीचा स्नायू आवळतो, त्याच्या आतली शीर दाबली जाते आणि रक्त वर ढकलले जाते. स्नायू सैल पडला की शिरेत खालून नवे रक्त भरते. वर गेलेले रक्त पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात.

आता हापशाचा दांडा कोणी हलवलाच नाही तर काय होईल? स्तब्ध उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या शिरांमधला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. तोच माणूस चालू लागला की काही पावलांतच हा दाब २० ते ३० मिलिमीटरपर्यंत उतरतो आणि तो थांबला की अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा चढतो. या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती हा फरक आहे. आळंदीहून पंढरपूरला रोज कित्येक किलोमीटर चालत निघालेल्या वारकऱ्याचे पायही दुखतात, पण त्याच्या पोटऱ्या दिवसभर रक्त वर ढकलत असतात. चार फुटांच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या विक्रेतीच्या पोटऱ्यांना ते काम करण्याची संधीच मिळत नाही.

शिरांतला दाब तासन्तास चढलेला राहिला की रक्तातला पाण्याचा अंश केशवाहिन्यांमधून बाहेर पाझरतो आणि आजूबाजूच्या मांसात साठतो. यालाच आपण सूज म्हणतो. सकाळी सैल बसणारी चप्पल संध्याकाळी रुतते आणि मोज्याचे रबर काढल्यावर नडगीभोवती खोल वळ उरतो, तो यामुळेच. नडगीच्या हाडावर अंगठा काही क्षण दाबून धरावा आणि उचलावा. खळगा लगेच भरून आला नाही, तर तिथे पाणी साठले आहे असे समजावे. कवायतीत सावधान उभा असलेला तरुण, धडधाकट शिपाई मध्येच कोसळतो, त्यामागेही हेच कारण असते. रक्त पायांत साचते, हृदयाकडे परतणारा ओघ कमी होतो आणि मेंदूला क्षणभर रक्त अपुरे पडते. अनुभवी जवान बुटाच्या आत बोटे आवळत-सोडत राहतात, कारण कुणाला न दिसता पोटऱ्या हलवण्याचा तेवढाच मार्ग त्यांच्यापाशी असतो.

काही महिन्यांत काय होते, काही वर्षांत काय

पहिला परिणाम थकव्याचा. उभे राहणे ही विश्रांतीची अवस्था वाटते, पण शरीर पुढे झुकून पडू नये म्हणून पोटरीचे, मांडीचे आणि कमरेचे स्नायू सतत थोडेथोडे आवळलेले असतात. आवळलेल्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, त्यामुळे त्याला प्राणवायू कमी मिळतो. चालताना हे आवळणे-सोडणे आळीपाळीने होते, उभे असताना सोडणे जवळजवळ नसतेच. म्हणून ताण कमी असूनही थकवा अधिक येतो, आणि तो कामाची वेळ संपली म्हणून लगेच जात नाही.

कमरेचेही असेच आहे. आधी पाठदुखी नसलेल्या लोकांना प्रयोगशाळेत केवळ दोन तास उभे ठेवले, तरी त्यांच्यातील मोठ्या हिश्श्याला त्या वेळात कंबरदुखी जाणवू लागते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. टाचदुखी आणि गुडघ्यांच्या तक्रारी याच मालिकेतल्या आहेत. फरशी कडक आणि चप्पल पातळ असेल तर त्या लवकर सुरू होतात.

याहून गंभीर तक्रार फुगलेल्या शिरांची. वैद्यकात त्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. सततच्या दाबाने शिरा ताणल्या गेल्या की त्यांच्यातल्या झडपांच्या पाकळ्या एकमेकींना टेकेनाशा होतात, वर गेलेले रक्त खाली घसरू लागते, दाब आणखी वाढतो आणि शीर आणखी ताणली जाते. पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या गाठी दिसू लागतात तेव्हा हे चक्र बराच काळ चाललेले असते. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळवंडते, खाजते, आणि काहींना तिथे जखम होते. ही जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा शिरा होण्यात आनुवंशिकतेचा, वयाचा, वजनाचा आणि बाळंतपणांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे सगळा दोष उभ्या कामाच्या माथी मारता येणार नाही. तरीही डेन्मार्कमध्ये काम करणाऱ्या लोकांचा १२ वर्षे मागोवा घेऊन २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला की, कामाच्या वयातील ज्या लोकांना या शिरांसाठी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले, त्यांच्यापैकी साधारण एक-पंचमांश लोकांचा आजार उभ्या कामाशी जोडता येतो.

हृदयाबद्दलचा पुरावा अधिक गुंतागुंतीचा आहे, म्हणून तो जरा सावकाश पाहू. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात सुमारे ७,३०० कामगारांची १२ वर्षांची आरोग्यविषयक माहिती तपासली गेली. मुख्यतः बसून काम करणाऱ्यांच्या तुलनेत मुख्यतः उभ्याने काम करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. यावर पहिली शंका अशी येते की उभ्याची कामे बहुधा कमी पगाराची असतात, मग दोष गरिबीचा, धूम्रपानाचा किंवा जड कामाचा नसेल कशावरून? संशोधकांनी वय, शिक्षण, धूम्रपान, वजन, कामाचे स्वरूप अशा गोष्टींचा परिणाम हिशेबातून वजा केला, तरी फरक उरलाच. मात्र कोण किती उभे राहते, हे त्यांनी हुद्द्यावरून ठरवले होते, प्रत्यक्ष मोजलेले नव्हते. ही त्या अभ्यासाची कच्ची बाजू आहे. मोजमाप पुढे २०२४ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आले. ब्रिटनमधील ८३,००० प्रौढांनी मनगटावर बांधलेल्या उपकरणांच्या नोंदी त्यांनी वापरल्या. त्यांना असे दिसले की जास्त वेळ उभे राहिल्याने हृदयविकार किंवा पक्षाघात टळत नाही. उलट दिवसाला दोन तासांच्या पुढे उभे राहण्याचा प्रत्येक अर्धा तास रक्ताभिसरणाच्या काही विकारांचा धोका सुमारे ११ टक्क्यांनी वाढवतो. फुगलेल्या शिरा, शिरेत रक्ताची गुठळी आणि उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम घसरणे हे ते विकार.

म्हणजे उभे राहण्याने हृदयविकार होतोच, असे आज कुणी छातीठोकपणे म्हणू नये, पण शिरांचे नुकसान होते याबद्दल फारशी शंका राहिलेली नाही. गरोदर स्त्रियांच्या बाबतीतही दीर्घकाळ उभ्याने काम आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. धोक्यातली वाढ थोडी आहे, तरी सातव्या-आठव्या महिन्यात दिवसभर उभ्याने काम करू देण्याचे समर्थन त्यातून होत नाही.

मग बसलेले बरे का?

दिवसभर बसणेही वाईटच. वर सांगितलेल्या २०२४ च्या अभ्यासातच दिवसाला दहा तासांहून अधिक बसणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि शिरांचे विकार या दोन्हींचा धोका वाढलेला दिसला. बसलेला आणि उभा या दोघांत साम्य एवढेच की दोघांच्याही पोटऱ्या स्तब्ध असतात. त्रास स्थितीचा आहे त्याहून अधिक तो एकाच स्थितीत अडकून पडण्याचा आहे. नेदरलँड्समधील कामाच्या रचनेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे सलग एक तासाहून अधिक आणि दिवसभरात एकूण चार तासांहून अधिक उभे राहू नये, असे सुचवतात. आपल्याकडचे किती विक्रेते, सुरक्षारक्षक, परिचारिका आणि पेट्रोल पंपावरचे कर्मचारी या मर्यादेत बसतील, याचा विचार ज्याने त्याने करावा. त्यात बदलापूर किंवा विरारहून लोकलमध्ये तासभर उभ्याने येणाऱ्यांचा प्रवास धरलेला नाही.

संध्याकाळी व्यायाम केला म्हणजे दिवसाची भरपाई होईल, ही समजूतही अर्धवट आहे. व्यायामाचे फायदे निर्विवाद आहेत, पण दुपारी दोन वाजता शिरांवर पडलेला दाब रात्री आठच्या चालण्याने मागे फिरत नाही. दाब उतरवायचा तर तो दुपारी दोनलाच, दर अर्ध्या-पाऊण तासाने उतरवावा लागतो.

‘आमच्या वडिलांनी चाळीस वर्षे उभ्याने दुकान चालवले’

चालवले असेल, पण ते मालक होते. मालक उभा असतो तेव्हा त्याला हवे तेव्हा बसता येते, शेजारच्या दुकानात चहाला जाता येते, पाय चोळता येतात. नोकराला ती मुभा नसते, आणि इथला सगळा फरक मुभेचाच आहे. शिवाय ज्यांना सोसले नाही ते काम सोडून जातात, म्हणून वीस वर्षांनी पाहावे तर टिकलेलेच दिसतात आणि काम निरुपद्रवी असल्याचा भास होतो.

कापडाच्या जुन्या दुकानांत गादी असायची, काही ठिकाणी अजून आहे. पांढऱ्या चादरीवर विक्रेता मांडी घालून बसे, गिऱ्हाईकही समोर बसे, आणि साड्या बसल्या जागी उलगडल्या जात. विक्रेत्याने बसून माल दाखवला म्हणून कुणाचा अपमान झाला नाही. दिवसभर मांडी घालून बसणे गुडघ्यांना सोसते असे मुळीच नाही, पण बसणे म्हणजे उद्धटपणा, ही कल्पना आपल्या बाजारपेठेच्या जुन्या रीतीतून आलेली नाही, हे मात्र त्यावरून कळते. ती काचेच्या दारांच्या दालनांबरोबर आली. त्या दालनांत गर्दी ओसरलेल्या दुपारी काउंटरच्या मागे नजर टाकावी: एक पाऊल चपलेतून बाहेर काढून दुसऱ्या पावलावर टेकवलेले, मग पायांची अदलाबदल, मग खालच्या कप्प्याच्या कडेवर गुडघा. आणि कॅमेरा कुठल्या कोपऱ्यात आहे हे सगळ्यांना पाठ असते.

गिऱ्हाईक रागावेल या भीतीला उत्तर म्हणून परदेशाकडे पाहिले तरी चालेल. जर्मनीतील सुपरमार्केटांत बिल करणारे कर्मचारी वर्षानुवर्षे बसूनच काम करतात आणि रांगा वेगाने सरकतात. सुरक्षारक्षकाला खुर्ची दिली तर तो झोपेल, असे सोसायट्यांच्या बैठकांत हमखास ऐकू येते. बारा तासांची पाळी उभ्याने केलेला माणूस शेवटच्या तासाला किती सावध असेल, हे मात्र त्या बैठकीत कोणी विचारत नाही. शल्यचिकित्सक, केशकर्तन करणारे, चौकातील वाहतूक पोलीस यांची काही कामे खरोखरच उभ्याने करावी लागतात. तिथे प्रश्न दोन कामांमधल्या वेळेचा उरतो, आणि त्या वेळेत टेकायला जागा असली तरी पुष्कळ फरक पडतो.

कायदा काय म्हणतो

ही मागणी नवी नाही. ब्रिटनमध्ये १८९९ साली झालेल्या कायद्याने दुकानांतील दर तीन स्त्री कर्मचाऱ्यांमागे एक आसन ठेवणे बंधनकारक केले होते. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ नुसार, उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांना कामाच्या ओघात उसंत मिळेल तेव्हा टेकता यावे म्हणून बसण्याची योग्य व्यवस्था कारखान्याने ठेवली पाहिजे. पण हे झाले कारखान्यांचे. दुकाने त्यात येत नव्हती.

दुकानांचा प्रश्न केरळमधील स्त्रियांनी ऐरणीवर आणला. कोळिकोडमधील बाजारपेठेत काम करणाऱ्या स्त्रियांची पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, कारण दुकानात सोय नसल्याने त्या दिवसभर पाणीच पीत नसत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने हैराण होत. व्यवसायाने शिवणकाम करणाऱ्या विजी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ‘पेनकूट्टू’ ही संघटना पुढे बसण्याच्या हक्कासाठी लढली. अखेर २०१८ मध्ये केरळ सरकारने दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे सक्तीचे केले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तसाच बदल केला. स्वच्छतागृह आणि खुर्ची या दोन मागण्या एकाच लढ्यात आल्या, यात नवल नाही. नोकराच्या शरीराला काही गरजा असतात, हेच मुळात मान्य करून घ्यायचे होते.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, पाळणाघर, प्रथमोपचार यांची कलमे आली, परंतु केरळसारखे बसण्याचे स्वतंत्र कलम आले नाही. केंद्राच्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या २०२० च्या संहितेत उभ्याने काम करावे लागणाऱ्यांसाठी बसण्याच्या व्यवस्थेचा उल्लेख आहे, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिचा तपशील नियमांवर सोडलेला आहे आणि दहापेक्षा कमी माणसांची लहान दुकाने सहसा तिच्या कक्षेबाहेर राहतात. आपल्या गल्लीबोळांतील बहुतेक दुकाने याच आकाराची असतात, हे लक्षात घेतले की कायद्याची मर्यादाही दिसते. कायदा असूनही खुर्ची कोपऱ्यात ठेवायची आणि तिच्यावर बसणाऱ्याकडे मालकाने नुसते पाहायचे, एवढ्याने ती खुर्ची निरुपयोगी होते. म्हणून खुर्ची आहे का, याच्याइतकेच ती वापरली जाते का, हेही तपासायला हवे.

हाताशी असलेले उपाय

सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे काउंटरच्या उंचीचे, अर्धवट टेकता येईल असे स्टूल. त्यावर बसलेला माणूस गिऱ्हाईकाच्या नजरेच्या पातळीवरच राहतो आणि चटकन उठू शकतो. ते नसेल तर पायाशी चार-सहा इंच उंचीचा पाट किंवा लाकडी ठोकळा ठेवून आळीपाळीने एकेक पाय त्यावर ठेवावा, त्याने कमरेचा बाक सैल पडतो. घरी ओट्याशी तासन्तास उभ्याने स्वयंपाक करणाऱ्यांनाही हे दोन्ही उपाय लागू आहेत. भाजी निवडणे, चिरणे, कणीक मळणे ही कामे ओट्याशीच उभे राहून करण्याची काहीच गरज नाही. उभे राहणे टळतच नसेल, तर दर काही मिनिटांनी दहा-पंधरा वेळा टाचा उचलाव्यात, कारण त्या हालचालीने पोटरी आवळते आणि रक्त वर सरकते. कडक फरशीवर जाड रबरी चटई टाकल्याने पाय कमी दुखतात, पण शिरांतला दाब ती उतरवत नाही. पाय आवळून धरणारे खास मोजे सूज कमी करतात. मधुमेह असलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि ज्यांची पावले नेहमी गार पडतात त्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत. त्यांच्या पायांकडे जाणारे रक्त आधीच कमी असेल, तर आवळणाऱ्या मोज्याने ते आणखी कमी होते.

दोन्ही पायांची संध्याकाळची सूज रात्री झोपून सकाळी उतरत असेल, तर घाबरण्यासारखे काही नसते. ती सकाळीही राहू लागली, घोट्याजवळची कातडी काळवंडू लागली किंवा तिथली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तपासून घ्यावे. एकच पाय अचानक सुजला, गरम आणि लाल झाला आणि पोटरी दुखू लागली, तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी तेल लावून पाय रगडण्याच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि त्यासोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट रुग्णालय गाठावे.